डॅटची तारीख कधी धरायची? ड्रिल, लेकरू आणि घर सांभाळून अमेरिकेत डेंटल स्कूलची परीक्षा देणाऱ्यांसाठी

आमच्या साताऱ्याकडे ज्या घरात फौजी आहे तिथे रजेचा कागद हातात आल्याशिवाय लग्नाचा मुहूर्त धरत नाहीत. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. आजी सांगायची की पत्रात 'बहुतेक रजा मिळेल' असं आलं की आम्ही मांडवाचं बोलायचोच नाही, 'रजा मंजूर' असं आलं की मगच भटजींकडे जायचो.

मी लग्न होऊन टेक्सासला आले, इथे नव्याने कॉलेज केलं आणि ग्रीन कार्डवर असतानाच यूएस आर्मी रिझर्व्हमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या अर्धवेळ फौजेत, भरती झाले, डेंटल स्पेशालिस्ट, म्हणजे दातांच्या डॉक्टरला खुर्चीशेजारी उभं राहून मदत करणारा सोल्जर, आर्मीच्या भाषेत ६८ई. सॅन अँटोनिओला फोर्ट सॅम ह्यूस्टनमध्ये ट्रेनिंग झालं आणि तिथेच मनात आलं की आपण खुर्चीच्या त्या बाजूला बसायचं. मग मुलगी झाली. ती सव्वा वर्षाची असताना मी डॅटची, म्हणजे डेंटल अ‍ॅडमिशन टेस्टची, तारीख धरली, जूनमधला एक शनिवार, कारण युनिटमधून कळलं होतं की अ‍ॅन्युअल ट्रेनिंग बहुतेक ऑगस्टमध्ये आहे. ते 'बहुतेक' मी आजीसारखं वाचलं नाही. मे महिन्यात ट्रेनिंगच्या तारखा सरकून जूनवर आल्या, परीक्षेची तारीख बदलायची फी गेली ती गेलीच, पण पुढची सोयीची सीट जुलैच्या शेवटी मिळत होती आणि तोवर माझी आई भारतात परत जाणार होती, पोरीला बघायला घरी कुणी नव्हतं. अ‍ॅडमिशनचं अख्खं एक साल गेलं.

दुसऱ्या वर्षी मी उलट्या बाजूनं सुरुवात केली आणि मार्चमध्ये परीक्षा देऊन मोकळी झाले. हे सगळं त्या दुसऱ्या वर्षावरून लिहितेय, कारण आपल्यातली बरीच मुलंमुली आता रिझर्व्ह आणि नॅशनल गार्डमध्ये आहेत, काही जण अ‍ॅक्टिव्ह ड्युटीवर आहेत, आणि अभ्यास कसा करायचा हे सांगणारे पुष्कळ भेटतात पण तारीख कशी धरायची हे कुणी बसून सांगत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. भारतात बीडीएस करून इकडे आलेल्या ताई-दादांना ही परीक्षा नाहीये. त्यांची परीक्षा आयएनबीडीई, त्यांचा अर्ज कॅपिड या वेगळ्या पोर्टलमधून जातो आणि प्रवेश अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंगला, म्हणजे पहिलं वर्ष सोडून थेट वरच्या वर्गात, मिळतो. डॅट ही इथे पदवी करून पहिल्या वर्षाला जाणाऱ्यांची परीक्षा. दर वर्षी कुणीतरी चुकीची पुस्तकं विकत घेतं म्हणून हे लिहिलं.

परीक्षा कशी आहे ते आधी नीट बघा

डॅट अमेरिकन डेंटल असोसिएशन घेते, प्रोमेट्रिकच्या सेंटरवर, कॉम्प्युटरवर, आणि वर्षभर चालू असते. तारीख आपणच निवडायची असल्यामुळे घर आणि वर्दी दोन्ही सांभाळणाऱ्यांना हे फार सोयीचं आहे, पण गोत्यात येतो तेही इथेच, कारण कधीही देता येते म्हटल्यावर कधीच ठरत नाही.

एकूण २८० प्रश्न. पहिल्यांदा नॅचरल सायन्सेस, १०० प्रश्न ९० मिनिटांत, त्यात ४० बायोलॉजी, ३० जनरल केमिस्ट्री, ३० ऑरगॅनिक. मग परसेप्च्युअल अ‍ॅबिलिटी, ज्याला सगळे पॅट म्हणतात, ९० प्रश्न ६० मिनिटांत. मग ३० मिनिटांची सुट्टी, घ्यायची तर घ्या. मग रीडिंग, तीन उतारे, ५० प्रश्न, ६० मिनिटं. शेवटी गणित, ४० प्रश्न ४५ मिनिटांत, स्क्रीनवर साधा कॅल्क्युलेटर मिळतो. आधीची माहिती आणि शेवटचा सर्व्हे धरून सव्वापाच तास. गुण मार्च २०२५ पासून २०० ते ६०० च्या पट्टीवर येतात, त्याच्या आधी १ ते ३० असायचे, त्यामुळे जुन्या मैत्रिणीचे २१ आणि तुमचे ४३० यांची तुलना करत बसू नका.

तारीख ठरवताना दोन आकडे पाठ पाहिजेत. अर्ज मंजूर झाला की परीक्षा द्यायला ६ महिने मिळतात. आणि एकदा दिली की पुन्हा द्यायला मध्ये ६० दिवस जावे लागतात. पुढचं सगळं गणित या दोन आकड्यांवर आहे.

पायरी १: कालनिर्णय काढा

खरंच सांगतेय, फोनमधलं कॅलेंडर नको. भिंतीवरचं कालनिर्णय, स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी, जिथे नवऱ्याला, सासूबाईंना, आईला, सगळ्यांना येताजाता दिसेल. तीन रंगांची पेनं घ्या.

लाल पेनानं न हलणाऱ्या तारखा. ड्रिलचे, म्हणजे युनिटच्या दर महिन्याच्या ट्रेनिंगचे, वीकेंड आधी. आर्मीचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि ३० सप्टेंबरला संपतं, ड्रिलचं वेळापत्रक त्या हिशोबानं निघतं, म्हणजे दिवाळीच्या आसपास तुमच्या हातात पुढच्या सप्टेंबरपर्यंतचे वीकेंड असायला हवेत, नसतील तर युनिट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे लेखी मागा. मग अ‍ॅन्युअल ट्रेनिंगचे दोन आठवडे, पण ते लाल पेनानं लिहायचं फक्त ऑर्डर्स हातात आल्यावर. तोपर्यंत निळ्या पेनानं, आणि एकाच ठिकाणी नाही तर जिथे जिथे शक्यता आहे तिथे सगळीकडे. माझ्या कालनिर्णयावर जून, जुलै आणि ऑगस्ट तिन्ही निळे होते आणि तेव्हाच मला दिसलं की उन्हाळ्यात परीक्षेला जागाच नाहीये, पहिल्या वर्षी हे मी बघितलंच नव्हतं.

हिरव्या पेनानं घरच्या तारखा, आणि इथे प्रामाणिक राहा. भारतातली लग्नं वैशाखात येतात, म्हणजे एप्रिल-मे. चुलत बहिणीचं लग्न ठरतंय असं डिसेंबरमध्ये कानावर आलं तर ते त्याच दिवशी निळ्यात टाका. मंडळाचा गणपती, डेकेअर बंद असण्याचे दिवस, नवऱ्याच्या ऑफिसचा सगळ्यात धावपळीचा काळ, बाळाच्या लसी (लस दिली की पुढच्या दोन रात्री झोप नाही हे धरूनच चाला), हे सगळं हिरव्यात.

आता जे पांढरं उरतं त्यातच परीक्षा. सलग दहा आठवडे असे शोधायचे ज्यात लाल रंग फक्त ड्रिलचा आहे.

पायरी २: जूनपासून मागे मोजत या

डेंटल स्कूलचे बहुतेक अर्ज अ‍ॅडसास या पोर्टलमधून जातात (टेक्सासच्या सरकारी शाळांचं पोर्टल वेगळं, टीएमडीसास). अ‍ॅडसास मेच्या मध्याला उघडतं आणि जूनच्या सुरुवातीला अर्ज पाठवता येतो. बऱ्याच शाळा आलेले अर्ज आल्या क्रमानं बघत जातात, मुलाखतींच्या जागा भरत जातात, आणि डिसेंबरच्या मध्यापासून पहिल्या ऑफर्स निघतात. अर्ज पाठवला तरी ट्रान्सक्रिप्ट तपासून व्हेरिफाय व्हायला काही आठवडे जातात. म्हणजे शेवटची तारीख कितीही लांबची दिसली तरी तिच्याकडे बघू नका, आपल्यासाठी जून हीच तारीख. डॅटचे गुण नसतानाही अर्ज पाठवता येतो, पण बहुतेक ठिकाणी गुण येईपर्यंत तो पडून राहतो.

आता ६० दिवसांचा हिशोब लावा. २० मार्चला परीक्षा दिली आणि मनासारखे गुण नाही आले तर १९ मेपासून पुन्हा देता येते, अर्ज तरी जूनमध्ये वेळेवर. तीच परीक्षा ३० मेला दिली तर पुढची संधी २९ जुलै, म्हणजे बरोबर अ‍ॅन्युअल ट्रेनिंगच्या दिवसांत. दोन्ही वेळा अभ्यास तेवढाच, पण एकीकडे हातात दुसरी संधी आहे आणि एकीकडे नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आपल्यासारख्यांनी पहिली परीक्षा फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत द्यावी, आणि मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात एक दिवस रिकामा ठेवावा. लागला तर लागला, नाही लागला तर तो दिवस झोपायला ठेवा. कॉलेजमधले बाकीचे मे-जूनमध्ये देतात, देऊ देत, त्यांना जुलैत कुणी शेतात तंबू ठोकायला पाठवत नाहीये.

दिवस कुठला? आठवड्याच्या मधला. शनिवार धरू नका, ड्रिल हलली तर ती शनिवार-रविवारवरच येऊन आदळते. ड्रिलनंतरचा सोमवार तर मुळीच नको, रविवारी रात्री आठला घरी येऊन बूट काढणाऱ्या माणसाला सोमवारी सकाळी ऑरगॅनिक सुचत नाही. ड्रिल होऊन दहा-अकरा दिवस झाले आहेत आणि पुढच्या ड्रिलला अजून दोन-अडीच आठवडे आहेत असा बुधवार किंवा गुरुवार बघा. घरी डेकेअर चालू असतं, नवरा एक दिवस सुट्टी काढू शकतो.

पायरी ३: तास कुठून काढायचे

पूर्ण वेळ अभ्यास करणारे दोन-अडीच महिन्यांत करतात. आपल्याला ते जमणार नाही आणि जमवायचा हट्ट धरला तर घर मोडतं. मी आठवड्याला १० तास धरले आणि २४ आठवडे दिले, कागदावर २४० तास. ऑक्टोबरमध्ये सुरू, मार्चमध्ये परीक्षा. ड्रिलच्या आठवड्यात १० चे ४ होतात हे आधीच मान्य करा आणि त्या आठवड्याला नवीन धडा लावूच नका, जुनं चाळा.

तासांची वाटणी मात्र सारखी नको. केमिस्ट्री आणि ऑरगॅनिक ही डोकं शांत असताना करायची, माझ्यासाठी पहाटे साडेचार ते सहा, पोरगी उठायच्या आत. बायोलॉजी तुकड्यांत होते, फ्लॅशकार्डांवर, स्वयंपाक करताना, डेकेअरच्या पार्किंगमध्ये. अ‍ॅन्की या फ्लॅशकार्डांच्या अ‍ॅपमधली कार्डं फोनमध्ये उतरवून ठेवा, फील्डवर नेटवर्क नसतं. ज्यांना फोनच जवळ ठेवता येत नाही त्यांनी कार्डं कागदावर लिहून खिशात मावतील अशी कापून प्लास्टिकच्या पिशवीत घालावी. पावसात माझी एक गड्डी लगदा झाली म्हणून पिशवीचं सांगितलं. ऑरगॅनिकचा कोर्स होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील आणि मध्ये डिप्लॉयमेंट, म्हणजे बाहेर तैनाती, झालं असेल तर त्याला सहा आठवडे जास्तीचे द्या, ते डोक्यात आहे असं वाटतं, पण नसतं.

पॅट रोज करायचं. रोज म्हणजे रोज, २० मिनिटं, तापानं फणफणला नसाल तर. त्यात सहा प्रकार असतात, प्रत्येकी १५ प्रश्न. दिलेली वस्तू कुठल्या भोकातून जाईल, वरून-समोरून-बाजूनं बघितलं तर कशी दिसेल, चार कोन लहान ते मोठे लावणं, कागदाची घडी घालून पाडलेली भोकं, ठोकळे मोजणं आणि उलगडलेल्या आकृतीचा डबा कसा बनेल ते. हे वाचून येत नाही, डोळ्याला सवय लागावी लागते आणि सवय आठवडाभर सोडली तर जाते.

घडी आणि भोकांचा प्रकार मला जमतच नव्हता. एका संध्याकाळी मी डायनिंग टेबलवर बँकेचे जुने लिफाफे चौकोनी कापून दोनदा दुमडून पंच करत बसले होते, आई समोर पोरीला वरणभात भरवत होती. तिनं एक घडी हातात घेतली, न उलगडता बोट ठेवून दाखवलं, इथे, इथे, इथे आणि इथे. उलगडलं तर बरोबर. मी दुसरी दिली, तिरकी घडी, तीही बरोबर. म्हणाली, अगं ब्लाउजचं कापड चौघडी घालून कापतो तेव्हा हेच तर बघायचं असतं, कात्री लावायच्या आधी उलगडून बघितलंस मनात की झालं, आणि शेवटची घडी पहिल्यांदा उघड, पहिली शेवटी. ते 'शेवटची घडी पहिल्यांदा उघड' मी लॅमिनेटेड कागदावर वर लिहून ठेवलं होतं, त्या दिवसापासून त्या प्रकारात माझे फार तर एक-दोन चुकायचे. तुमच्याही घरी शिवणकाम, रांगोळी, सुतारकाम करणारं कुणी असेल तर त्यांच्या शेजारी बसा एक तास.

दर दुसऱ्या रविवारी, ड्रिल नसलेल्या, एक पूर्ण लांबीची टेस्ट. घरात नाही, लायब्ररीत. सव्वापाच तास बसायची सवय ही वेगळीच गोष्ट आहे, आणि सेंटरवर साधा कागद-पेन मिळत नाही, लॅमिनेटेड शीट आणि बारीक मार्कर मिळतो, सराव त्यावरच करा.

पायरी ४: नावं, नोंदणी आणि इथे होणारा मराठी घोळ

नोंदणीला आधी डेंटपिन हा ओळख नंबर काढायचा, फुकट असतो, मग डॅटचा अर्ज. फी ५०० डॉलरच्या वर आहे आणि परत मिळत नाही. आर्थिक अडचण असेल तर निम्मी फी माफ व्हायची सोय आहे, पण ती मर्यादित लोकांनाच मिळते, त्यामुळे जानेवारी लागताच अर्ज करा. जीआय बिल, म्हणजे सैनिकांसाठीची शिक्षणाची मदत, असेल तर व्हीए (माजी सैनिकांचं सरकारी खातं) प्रवेश परीक्षांची फी परत देतं, पण ती तुमच्या शिल्लक महिन्यांतून कापली जाते. पुढे चार वर्षं शिकायचंय तेव्हा त्या महिन्यांची किंमत जास्त आहे, मी स्वतः वापरलं नाही.

नावाचं फार जपा. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या खान्यात वडिलांचं नाव चिकटलेलं असतं, लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट एका नावानं, ड्रायव्हिंग लायसन्स दुसऱ्या, आर्मीच्या रेकॉर्डला तिसरं. परीक्षेच्या सेंटरवर ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीचं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत आणि पैसे बुडतात. नोंदणी करायच्या आधी सगळी कागदपत्रं टेबलवर मांडा, जे ओळखपत्र नेणार त्यावर जसं आहे अगदी तसंच नाव भरा. ओळखपत्रावर फोटो आणि सही दोन्ही लागतात, आणि आर्मीच्या कार्डवर सही नसते, त्यामुळे पासपोर्ट किंवा लायसन्स न्या आणि सही असलेलं दुसरं एक कार्डही.

अर्ज कधी करायचा? फार आधी नको. ऑक्टोबरमध्ये उत्साहात केला तर ६ महिने एप्रिलमध्ये संपतात, आणि मार्चमध्ये ऑर्डर्स येऊन परीक्षा मेमधल्या राखीव दिवसावर ढकलायची वेळ आली तर तो दिवस त्याच्या बाहेर जातो, पंचाईत. मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात केला. सीट मात्र मंजुरी आल्या दिवशीच बुक करा, सेंटर दोन-अडीच तासांवर असेल तर सोयीचे बुधवार-गुरुवार लवकर जातात. तारीख बदलायची फी परीक्षा जवळ येत जाईल तशी वाढत जाते, म्हणजे शंका असेल तर महिनाभर आधीच बदला, आदल्या आठवड्याची वाट बघू नका.

कुठल्या शाळांना गुण पाठवायचे ते अर्जातच टिका, तेव्हा त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, नंतर पडतात.

आणि ज्यांना अंगावर पाजायचंय, पंप करायचाय, किंवा सर्व्हिसमधल्या दुखापतीमुळे किंवा दुसऱ्या तब्येतीच्या कारणानं जादा वेळ वा सुट्टी हवीय, त्यांनी ती सवलत नोंदणीच्या वेळीच मागायची आणि मंजुरी येईपर्यंत सीट बुक करायची नाही, बुक झाल्यावर मागे जाऊन जोडता येत नाही. न ठरलेली सुट्टी घेता येते पण घड्याळ थांबत नाही. ३० मिनिटांत पंप करून, खाऊन, पुन्हा तपासणीतून आत बसणं हे मी दोनदा घरी करून बघितलं, जमत नाही, त्यामुळे मी पोरीचं दिवसाचं पाजणं परीक्षेच्या महिनाभर आधी हळूहळू सोडवलं.

पायरी ५: युनिटशी बोलणं

तोंडी नको, ईमेल. सप्टेंबरमध्येच तुमच्या सार्जंटला आणि युनिट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला एकच छोटी ईमेल, की मी या या आठवड्यात डेंटल स्कूलची प्रवेश परीक्षा देणार आहे, त्या महिन्याची ड्रिल सरकली तर मला रीशेड्यूल्ड ट्रेनिंग मिळू शकेल का. रीशेड्यूल्ड ट्रेनिंग म्हणजे तीच ड्रिल दुसऱ्या दिवशी करून द्यायची, कमांडरच्या आगाऊ परवानगीनं. परवानगी लेखी आली की तिची प्रिंट कालनिर्णयाला टाचणीनं लावा.

बिनापरवानगी मात्र कधीच चुकवू नका. एक ड्रिल वीकेंड म्हणजे चार हजेऱ्या धरतात, आणि बारा महिन्यांत नऊ बिनापरवानगी गैरहजेऱ्या झाल्या की तुमच्यावर अनसॅटिस्फॅक्टरी असा शिक्का बसायची वेळ येते. दोन वीकेंड आणि वर एक सकाळ, एवढंच. डेंटल स्कूलच्या मुलाखतीत वर्दीबद्दल विचारतातच, तिथे हा डाग नको.

नुकतंच बाळंतपण झालेल्या बहिणींसाठी एक खास गोष्ट. आर्मीत २०२२ पासून बाळंतपणानंतर ३६५ दिवस फिटनेस टेस्ट, डिप्लॉयमेंट आणि घरापासून लांबचं फील्ड ट्रेनिंग यातून सूट आहे, आणि रिझर्व्हमध्ये पगारी १२ हजेऱ्यांपर्यंत, म्हणजे तीन वीकेंड, मॅटर्निटी लीव्ह आहे. कागदावर बघितलं तर डॅटसाठी हेच वर्ष सगळ्यात मोकळं. पण पहिले सहा महिने मी कुणालाच अभ्यास लावायला सांगणार नाही, शरीर भरून यायला वेळ लागतो आणि तुटक झोपेत वाचलेलं राहत नाही. सातव्या महिन्यात सुरुवात, बाराव्याच्या आत परीक्षा, असं जुळत असेल तर जरूर करा.

पायरी ६: घर

आई-वडील किंवा सासू-सासरे येणार असतील तर त्यांच्या येण्याची तारीख ही परीक्षेइतकीच महत्त्वाची आहे. व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिने राहायला मिळतात, नक्की तारीख त्यांच्या आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेत शिरतानाच्या नोंदीवर, येते. आपल्याकडे चूक अशी होते की त्यांना बाळंतपणाला बोलावतो, सहा महिने तिथेच संपतात आणि परीक्षेला कुणी उरत नाही. जमत असेल तर एक आई बाळंतपणाला आणि दुसरी आई परीक्षेला, असं दोन्ही घरात आधीच बोलून ठेवा. माझ्या सासूबाई बाळंतपणाला होत्या, आई नोव्हेंबरच्या शेवटी आली आणि मेमध्ये राखीव दिवस होऊन गेल्यावर परतली. नोव्हेंबरच्या शेवटीच का, तर तिला वेळेची सवय व्हायला आणि पोरीला तिची ओळख पटायला तीन आठवडे लागतात, शिवाय टेक्सासची थंडी तिला सोसते, ऑगस्टचं ऊन नाही.

ज्यांच्या घरात दोघंही वर्दीत आहेत किंवा जे एकटे मूल वाढवतायत त्यांच्याकडे आर्मीचा फॅमिली केअर प्लॅन असतोच, मूल कुणाकडे, पैसे कुठे, डॉक्टर कोण, सगळं लिहिलेलं. तोच कागद परीक्षेच्या दिवसासाठी वापरा. आमच्यावर तो बंधनकारक नव्हता तरी मी त्याच धाटणीचं एक पान केलं, त्यात दोन नावं होती, पहिली आई आणि ती आजारी पडली तर शेजारच्या गल्लीतली मैत्रीण, तिच्याकडे पोरीची कार सीट आदल्या दिवशीच ठेवलेली.

नवऱ्याशी एक गोष्ट आधी ठरवा, कुठली कामं त्या सहा महिन्यांत होणारच नाहीत. आमच्याकडे पाहुण्यांना जेवायला बोलावणं आणि वीकेंडचे वाढदिवस बंद होते. लोकांना वाईट वाटलं, आम्ही फोन करून खरं कारण सांगितलं, बऱ्याच जणींनी उलट डबे पाठवले.

शेवटचा आठवडा आणि परीक्षेचा दिवस

आदल्या आठवड्यात सेंटरला एकदा गाडी नेऊन या, त्याच वेळी निघून. दोन तासांच्या वर लांब असेल तर आदल्या रात्री हॉटेल घ्या, एकटे जा. पोर सोबत असेल तर हॉटेलात झोप होणार नाही. मी आईला म्हटलं होतं की रात्री व्हिडिओ कॉल करू नकोस, पोरगी रडली तरी तू आहेस ना, आणि आईनं खरंच केला नाही.

मधल्या सुट्टीत खायला असं न्या जे रोज खाता. मी दशमी आणि केळं नेलं होतं. डायनिंग फॅसिलिटीतल्या सवयीनं पाच मिनिटांत खाता येतं, पण त्या दिवशी सावकाश खा. नॅचरल सायन्सेस वाईट गेलं असं बाहेर येताना बहुतेकांना वाटतं, रीडिंग सुरू व्हायच्या आधी ते बाथरूममध्ये तोंड धुऊन सोडून यायचं.

ऑर्डर्स आल्याच तर

परीक्षेच्या आधी मोबिलायझेशनच्या ऑर्डर्स आल्या तर त्याच दिवशी त्यांची प्रत जोडून अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या परीक्षा विभागाला लिहा आणि तारखेचं विचारा, महिना थांबू नका. जायला आठ-दहा आठवडे असतील आणि अभ्यास निम्म्याच्या वर झाला असेल तर माझं मत, देऊन जा. गुण शाळेनुसार दोन ते तीन वर्षं चालतात, म्हणजे नऊ-दहा महिन्यांचं डिप्लॉयमेंट करून आलात तरी अर्ज त्याच गुणांवर करता येतो, फक्त ज्या शाळा मनात आहेत त्यांचे नियम एकेक करून तपासा, काही दोनच वर्षं धरतात. अभ्यास निम्म्याच्या खाली असेल तर पुढे ढकला, तंबूत पॅटचा सराव होतो, ऑरगॅनिक होत नाही.

ज्यांना आर्मी, नेव्ही किंवा एअर फोर्सची एचपीएसपी शिष्यवृत्ती हवीय त्यांना परीक्षा आणखी थोडी लवकर द्यावी लागेल, कारण रिक्रूटर गुण बघूनच फाइल पुढे नेतो, मेडिकल तपासणी व्हायची असते आणि आपण आधीच रिझर्व्हमध्ये असू तर सोडण्यासाठी डीडी ३६८ हा फॉर्म कमांडरकडून सही होऊन यायला वेळ लागतो. ती शिष्यवृत्ती पूर्ण फी भरते, वर महिन्याचं स्टायपेंड देते आणि चार वर्षांच्या बदल्यात चार वर्षं अ‍ॅक्टिव्ह ड्युटी मागते. त्याला अमेरिकन नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्ड चालत नाही. वर्दीतल्यांना नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज सर्व्हिसच्या जोरावर करता येतो आणि त्याची फी नसते, पण कागद हलायला महिने लागतात, म्हणून ज्या ऑक्टोबरमध्ये अभ्यास सुरू कराल त्याच ऑक्टोबरमध्ये तो अर्जही टाका.

माझं नागरिकत्वाच्या शपथेचं पत्र परीक्षेच्या नऊ दिवस आधी आलं, तारीख होती परीक्षेच्या पुढच्या मंगळवारची. आईनं ती कालनिर्णयावर लाल पेनानं लिहिली.